गाडी देताना ब्रेकही समजावून द्या

अमरावती ते अकोला महामार्गाच्या ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेवर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी थर घातला गेला आणि त्या कामाची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी होंडा सिटी, टोयोटाची हायरायडर व इनोव्हा हायक्रॉस आणि मारुतीची ग्रँड विटारा या गाड्या हायब्रिड रूपात आपल्या बाजारात आल्या. चांगला रस्ता आणि कमी पेट्रोल पिणारी गाडी, दोन्ही वऱ्हाडाला हवेच होते. पण या गाड्यांचा ब्रेक आपल्या सवयीच्या ब्रेकसारखा चालत नाही, आणि बिघडतो तेव्हा त्याची रीतही निराळी असते. शोरूममध्ये गाडी ताब्यात देताना मायलेज, सनरूफ, स्क्रीन, मोबाइलची जोडणी हे सगळे हौसेने दाखवतात. ब्रेकने ऐनवेळी दगा दिला तर पायाने काय करायचे, हे दाखवण्याची पद्धत मात्र पडलेली नाही. ती पडली पाहिजे आणि विक्रेत्याच्या मर्जीवर न सोडता सक्तीची झाली पाहिजे, असे माझे मत आहे.

साध्या गाडीत पेडलवरचा दाब बूस्टरच्या मदतीने वाढतो आणि ब्रेक ऑइलमधून थेट चाकांपर्यंत जातो. हायब्रिडमध्ये पेडल दाबल्यावर आधी संगणक हिशेब करतो. वेग उतरवण्याचे किती काम इलेक्ट्रिक मोटरने करायचे, म्हणजे तेवढी ऊर्जा बॅटरीत परत जाईल, आणि किती काम डिस्क व पॅडवर सोपवायचे, हे तो ठरवतो. सगळ्या कंपन्यांची रचना सारखी नसते. प्रियस या हायब्रिड गाडीपासून रूढ झालेल्या टोयोटाच्या रचनेत एक पंप ऑइलचा दाब आधीच साठवून ठेवतो, आणि पायाला जाणवणारा कडकपणाही बहुतांशी मुद्दाम निर्माण केलेला असतो. पंप किंवा इलेक्ट्रॉनिक्स बंद पडले, तर झडपा जागा बदलतात आणि पायाचा दाब सरळ चाकांच्या ब्रेककडे जातो. ब्रेक शिल्लक असतो. त्याच्या पाठीशी असलेली मदत गेलेली असते. पेडल दगडासारखे घट्ट लागते किंवा नेहमीपेक्षा खोल जाते, समोर लाल दिवा पेटतो, इशाऱ्याचा आवाज होतो. चालकाला वाटते सगळे संपले, आणि तो पाय उचलतो किंवा पेडल भराभर पंप करू लागतो. खरा धोका त्या क्षणी आहे.

मोटारींच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला १३-एच हा नियम अनेक देश मानतात. त्यानुसार ताशी १०० किलोमीटर वेगातली गाडी शाबूत ब्रेकने ७० मीटरच्या आत थांबली पाहिजे. यंत्रणेचा एक भाग निकामी झाला तरी ती १६८ मीटरच्या आत थांबली पाहिजे, आणि त्यासाठी पेडलवर ५०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण पन्नास किलो वजनापेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. याचा अर्थ बिघडलेला ब्रेकही गाडी थांबवतो, पण अंतर दुपटीहून अधिक लागू शकते आणि तेही पायाने पूर्ण ताकद लावली तरच. हलक्या पेडलची सवय झालेला चालक आपणहून एवढा जोर लावत नाही. त्याच वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. दोन सेकंदांच्या गोंधळात ५५ मीटर हातचे जातात. मूर्तिजापूर किंवा बोरगाव मंजूजवळ रात्री मागचा दिवा नसलेली कापसाची ट्रॉली समोर आली, तर एवढे मीटर आणायचे कुठून?

हा कागदी धोका नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने प्रियस आणि इतर हायब्रिड मिळून जगभरातल्या सव्वाचार लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर एबीएस सुरू झाले की मोटरचा ब्रेक सुटून ऑइलचा ब्रेक धरेपर्यंत क्षणभर पोकळी राहत होती. सॉफ्टवेअर बदलून ती दूर केली गेली. २०१३ मध्ये दाब साठवणाऱ्या भागातील दोषामुळे आणखी सुमारे २ लाख ४२ हजार गाड्या बोलावल्या गेल्या. आज विकल्या जाणाऱ्या गाड्यांत तेच दोष आहेत, असा माझा दावा नाही. पण खडबडीत आणि निसरडा हे वर्णन आपल्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांना तंतोतंत लागू पडते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेला चिखल पहिल्या पावसात डांबरावर पसरतो, तिथे गाडी क्षणभर पुढे सरकल्यासारखी का वाटते हे चालकाला ठाऊक हवे.

शिकवायचे आहे ते थोडके आहे. पेडल घट्ट झाले तर पंप करायचे नाही; सगळी ताकद लावून, गरज पडली तर दोन्ही पायांनी, दाबून धरायचे. पेडल मऊ होऊन तळाला गेले तर ऑइलची गळती किंवा वाफ झाल्याची शक्यता असते. तेव्हा मात्र भराभर पंप करून दाब येतो का पाहायचे. पार्किंग ब्रेकचा लिव्हर हळूहळू ओढायचा, एकदम नाही. बटण असेल तर ते धरून ठेवल्यावर आपल्या गाडीत काय होते, हे मोकळ्या मैदानात आधी पाहून ठेवायचे. गाडी धावत असताना पॉवरचे बटण दाबून बंद करण्याचा मोह टाळायचा, कारण त्याने उरलीसुरली मदतही जाते. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना तर हे ज्ञान जास्तच लागते. लांब उतारावर बॅटरी भरली की मोटर ऊर्जा परत घेणे कमी करते. म्हणून ज्या गाडीत इंजिनाचीही ब्रेकसारखी मदत घेणारी गिअरची ‘बी’ स्थिती आहे तिथे ती घाट सुरू होतानाच निवडावी. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडण्याची जुनी खोड हायब्रिडमध्ये दुहेरी घातक आहे : मोटरचा ब्रेकही जातो आणि बॅटरीही भरत नाही.

असे प्रसंग दुर्मीळ असतात, हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेत २००५ ते २००७ मधल्या अपघातांच्या मोठ्या पाहणीत वाहनातला बिघाड हे निर्णायक कारण २ टक्के प्रकरणांत आढळले आणि त्यातला ब्रेकचा वाटा सुमारे २२ टक्के होता. पण दुर्मीळ प्रसंगाची सवय अनुभवाने कधीच होत नाही, म्हणूनच ती शिकवावी लागते. अशाने ग्राहक बिचकेल, असे विक्रेते म्हणतील. एअरबॅगची माहिती देताना ग्राहक बिचकत नाही. सर्व्हिसिंग वेळेवर केले की पुरे, हे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. मोटर बरेच काम करत असल्याने हायब्रिडचे पॅड लवकर झिजत नाहीत, म्हणून मालक निर्धास्त होतो. ब्रेक ऑइल मात्र हवेतला ओलावा शोषतच राहते आणि कमी वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो. खासगी गाडीची पीयूसी होते, पण नोंदणीची पहिली १५ वर्षे तिचा ब्रेक सरकारी यंत्रणेत कोणी तपासत नाही.

अपघातानंतर ‘ब्रेक निकामी झाला’ एवढे लिहून तपास थांबतो, तेही बदलले पाहिजे. या गाड्यांच्या संगणकात बिघाडाचे कोड नोंदले जातात. पंचनाम्याच्या वेळी ते वाचून घ्यावेत. मोटार वाहन कायद्याच्या ११० अ कलमाने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आहे, पण त्यासाठी तक्रारी नेमक्या नोंदल्या जाणे गरजेचे आहे. अमरावती आणि अकोल्याच्या आरटीओ कार्यालयांनी विक्रेत्यांना बोलावून मराठीतले एक पान आणि दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक सुरू करायला सांगावे. परिवहन विभागाने ते राज्यभर बंधनकारक करावे. तोवर ग्राहकांना माझी विनंती आहे : चावी हातात घेण्यापूर्वी विक्रेत्याला गाडीत शेजारी बसवा, मदत नसताना ब्रेक कसा लागतो ते त्याच्याकडून समजून घ्या, आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगा.