अर्ज डाव्या बोटाचा

स्वयंचलित गिअरपेटीच्या गाडीत स्टिअरिंगमागे दोन पॅडल बसवणे म्हणजे घरी आचारी ठेवून पुन्हा स्वतःच चुलीपुढे बसणे होय, असे म्हणणारी मंडळी एका बाजूला, आणि जिला क्लच नाही तिला गाडी म्हणणे हाच मुळी भाषेचा अपराध होय, असे म्हणणारी दुसऱ्या बाजूला. या दोन पक्षांचे आपसात कधी पटले नसले तरी स्पोर्ट्स कारची पॅडले आणि तिचे ड्रायव्हिंग मोड निकामी ठरवण्याच्या बाबतीत त्यांचे विलक्षण एकमत आहे. नंदुरबार जिल्ह्यात बसून या वादात पडणे काहींना विनोदी वाटेल, कारण येथे असली गाडी दिसते ती बहुधा धुळे-सुरत महामार्गावर नवापूरच्या बाजूला, आणि तीही आवाज ऐकून मान वळवावी तोवर नाहीशी झालेली. परंतु ज्या जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुडा आडवा पडला आहे आणि ज्याच्या तोरणमाळ, चांदसैली, देवगोई या घाटांतून एस.टी.चे चालक वर्षानुवर्षे गिअरच्या भरवशावर गाड्या उतरवीत आले आहेत, त्या जिल्ह्याचा गिअरविषयी बोलण्याचा अधिकार मुंबई-पुण्यापेक्षा कमी आहे असे मला वाटत नाही.

क्लचवाद्यांचा आक्षेप आधी घेऊ, कारण त्यात अभिमान अधिक आणि पुरावा कमी आहे. पॅडल ही आळशांची सोय, हे त्यांचे गृहीतक इतिहासाला धरून नाही. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत स्टिअरिंगमागची पॅडले आली ती १९८९ साली, फेरारी ६४० या गाडीवर. जॉन बार्नर्ड या रचनाकाराला गिअरचा दांडा आणि त्याच्या सळया काढून टाकून चालकाची बैठक अरुंद करावयाची होती. ऐन वळणातही चालकाचे दोन्ही हात चाकावर राहावेत, हा लाभ त्याबरोबर पदरात पडला. चाचण्यांत ही यंत्रणा वारंवार रुसत असे, तरी मोसमाच्या पहिल्याच, ब्राझीलमधील शर्यतीत नायजेल मॅन्सेलने तीच गाडी पहिली आणली. पुढे १९९७ साली फेरारीने एफ ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत पॅडले दिली. शर्यतीच्या मैदानात जीव पणाला लावणाऱ्याच्या हाती जे साधन प्रथम आले, त्याला आळसाचे चिन्ह म्हणणे म्हणजे तलवारीला विळी म्हणण्यापैकी आहे. यावर क्लचवादी म्हणतील की ती पेटी स्वयंचलित नव्हतीच. धावत्या गाडीत क्लच तेवढा यंत्राच्या स्वाधीन होता, गिअर कोणता आणि केव्हा हा निर्णय चालकाचाच होता. हा मुद्दा मला साफ मान्य आहे. पुढचे माझे सारे म्हणणे त्याच्यावरच उभे आहे.

दुसरा पक्ष अधिक धूर्त. त्यांना मी ‘डीवादी’ म्हणतो. त्यांचा युक्तिवाद असा की पेटीतला संगणक चाकांची गती, इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटरवरचा पायाचा दाब हे सारे क्षणाक्षणाला मोजत असतो. एवढे दप्तर कोणत्याही माणसाच्या डोक्यात मावणार नाही. तेव्हा दांडा ‘डी’वर टाकावा आणि स्वस्थ बसावे. यातला पूर्वार्ध खरा आहे, पण उत्तरार्ध त्यातून निघत नाही. कारण यंत्र जे जे मोजते ते सारे घडून गेलेले असते. दुहेरी क्लचच्या पेटीत तर हे उघडच दिसते: एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम; तिसऱ्या गिअरात गाडी धावत असताना पेटी चौथा किंवा दुसरा आधीच जुळवून ठेवते, आणि यांपैकी कोणता, हे ती मागच्या काही क्षणांवरून ताडते. तिने चौथा सज्ज ठेवला आणि आपण दुसरा मागितला तर क्षणभर खोळंबा होतो. अंदाज चुकलेल्या कारकुनाने कागद बदलून आणावा तसा. सपाट रस्त्यावर पुढचा क्षण बहुधा मागच्यासारखाच येतो, म्हणून तेथे ताडलेले खरे ठरते. प्रकाशाला तापी ओलांडून शहाद्याकडे निघालेल्या माणसाने ‘डी’ सोडून काही करू नये, असे मीही सांगेन. घाटात मात्र पुढचा क्षण मागच्याचे काही देणे लागत नाही.

डीवाद्यांतले जे अधिक वाचलेले आहेत ते येथे रोल्स-रॉइसची साक्ष काढतात. २०१३ साली आलेल्या त्या कंपनीच्या रेथ या गाडीत उपग्रहाच्या साहाय्याने पुढचे वळण आधीच ओळखून गिअर ठरवणारी पेटी होती, हे खरे. आणि यंत्रांना पुढचे पाहण्याची गरज वाटू लागली, ही माझ्याच पक्षाची कबुली आहे असे मी समजतो. पण नकाशाला वळण ठाऊक असते; त्या वळणावर रात्री कोसळलेली दरड ठाऊक नसते.

आता मोडांविषयी. येथे खंडन करावयाचे ते गाडीच्या भक्तांचे. ‘स्पोर्ट’ दाबला की इंजिनाची ताकद वाढते, ही समजूत इतकी रूढ आहे की ती मोडताना मित्र गमावण्याचा प्रसंग येतो. बहुतेक गाड्यांत ताकद तेवढीच राहते; बदलतो तो स्वभाव. तेवढाच पाय दाबला तरी इंजिन लवकर उत्तर देते, वरचा गिअर उशिरा पडतो, खालचा लवकर, स्टिअरिंग जड होते, भारी गाड्यांत धक्काशोषक कडक होतात आणि सायलेन्सरचा पडदा उघडून आवाज मोकळा सुटतो. ‘इको’ याच्या उलट: घाईने वरचा गिअर टाकून फेरे खाली ठेवायचे, पेट्रोल वाचवायचे. नंदुरबारच्या बाजारपेठेत, मिरचीच्या गाड्यांमागे रांगताना ‘स्पोर्ट’ लावणारा माणूस मला लग्नात चिलखत घालून आलेल्या वऱ्हाड्यासारखा वाटतो. आणि घाटाच्या चढावर ‘इको’ ठेवणाऱ्याची पेटी तिसरा की चौथा या विवंचनेत सतत वरखाली करीत राहते. मोड म्हणजे यंत्राला आगाऊ दिलेली एकंदर सनद. प्रत्येक प्रसंगाचा निवाडा तिच्यात नसतो.

तो निवाडा पॅडल करते, पण तेही हुकूम म्हणून नव्हे. उजवे बोट ओढले की वरचा गिअर, डावे ओढले की खालचा, असे सांगितले जाते. वस्तुतः बोट ओढणारा केवळ अर्जदार असतो. फेरे लाल रेषेपलीकडे जाणार असतील तर अर्ज नामंजूर होतो, आणि पुष्कळ गाड्यांत ‘डी’मध्ये असताना केलेला अर्ज मंजूर झाला तरी काही सेकंदांनी पेटी कारभार पुन्हा आपल्या हाती घेते, म्हणून घाट उतरताना दांडा ‘एम’वर नेऊन मुखत्यारपत्रच घेतलेले बरे. हे बंधन क्लचवाद्यांना अपमानास्पद वाटते. मला वाटत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखणारा माणूस लगामाला हलका हिसका देऊन जनावर इशारा किती लवकर घेते ते पाहतो, आणि खड्ड्यात उडी घ्यायला नकार देणारा घोडा तो नापसंत करीत नाही. सीव्हीटीच्या गाडीत तर गिअरच नसतात, दोन पुल्यांमधला पट्टा सरकत असतो, तेथली पॅडले म्हणजे निव्वळ सोंग, हाही आक्षेप अर्धाच खरा. पायऱ्या खोट्या असतील, पण डावे पॅडल ओढल्यावर इंजिन गाडीला जे मागे धरते ते धरणे खरे असते.

हे मला पुस्तकात नव्हे, तोरणमाळच्या घाटात उमगले. सुरतेचे एक स्नेही आपली दोन दारांची गाडी घेऊन आले होते, कट्टर डीवादी. यशवंत तलाव पाहून, सीताफळांची पाटी मागे कोंबून आम्ही परत निघालो. १००० मीटरांहून उंच असलेले ते पठार सोडून रस्ता सात पायरीच्या वळणांत शिरला, आणि प्रत्येक वळणाआधी त्यांचा पाय ब्रेकवर, वळण सरले की सुटा. ‘डी’तली पेटी पाय सुटताच वरचा गिअर टाकून गाडीला मोकळे सोडी, की पुन्हा ब्रेक. चौथ्या-पाचव्या वळणाला जळक्या रबरासारखा उग्र दर्प आत आला आणि पेडल नेहमीपेक्षा दोन बोटे खाली गेले. आम्ही कठड्याशी थांबलो. चाकाच्या आऱ्यांतून दिसणारी भलीमोठी डिस्क निळसर झाली होती आणि तिच्यावरची हवा उन्हाळ्यातल्या डांबरासारखी थरथरत होती. मागून म्हसावदकडे जाणारी प्रवासी जीप आली, तिचा चालक उतरला, वाकला, नुसता वास घेतला आणि म्हणाला, “भाऊ, गाडी गिअरमा उतारा.” ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, हा घाटातल्या चालकांचा जुना दंडक, त्याला स्टिअरिंगमागच्या पॅडलांची वार्ता नव्हती, पण ती कशासाठी आहेत हे त्याने आमच्यापेक्षा नेमके सांगितले.

अर्ध्या तासाने निघालो ते दुसऱ्या गिअरात. फेऱ्यांचा काटा चार हजारांशी स्थिर, इंजिन घशातून गुरगुरते, आणि स्नेह्यांचा उजवा पाय बेकार. एका वळणाच्या वरच्या टोकावरून खालचा रस्ता दिसला: शेळ्यांचा कळप आणि मागे काठी खांद्यावर टाकलेला पोरगा, अजून दोन वळणे पलीकडे. स्नेह्यांनी डावे पॅडल ओढले. अर्ज नामंजूर झाला. त्यांनी ब्रेकला किंचित पाय लावून फेरे उतरवले, पुन्हा ओढले, आणि पहिला पडला. त्या क्षणी चाकांच्या लेखी, फेऱ्यांच्या लेखी, पेटीच्या साऱ्या दप्तरात शेळी नावाची वस्तू नव्हती. ती होती फक्त दरीपलीकडे पाहणाऱ्या दोन डोळ्यांत. शेळ्यांपाशी पोचेतो आम्ही माणसाच्या चालीने चालत होतो.

इतक्यात मागून जीपचा हॉर्न वाजला आणि तिचा पुढचा भाग आरशात भरून आला. गिअरने मंदावणाऱ्या गाडीचे मागचे लाल दिवे लागत नाहीत, आणि आम्ही थांबत आल्याचे त्या भल्या माणसाला कळायला काही साधनच उरले नव्हते. स्नेह्यांनी ब्रेकवर पाय नुसता टेकवला, दिवे लागण्यापुरता.