हमीचा कागद आणि धाराशिवचा दरवाजा

ढोकीत मोबाईल घरपोच येतो. तो दुरुस्त करून देणारे मात्र घरपोच येत नाहीत. तेरणा साखर कारखान्याच्या या गावातल्या एखाद्या मजुराने लेकीचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरता यावा म्हणून ऑनलाईन मोबाईल घेतला आणि दोन महिन्यांत तो बंद पडला, असे समजा. संकेतस्थळ विक्रेत्याकडे बोट दाखवते, विक्रेता कंपनीकडे, कंपनी शहरातल्या सेवा केंद्राकडे. तिथे जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते, आणि वर 'आत पाणी गेले आहे, वॉरंटीत बसत नाही' हे ऐकून परतावे लागते. शहरातल्या नोकरदाराची जी वॉरंटी, ती आपल्या वस्तीत नुसता छापील कागद ठरते.

घटनेतल्या आजच्या कलम ३२ ला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा आत्मा म्हटले. दाद मागण्याची सोय नसेल तर हक्क कसला? ग्राहकाचा हक्क मूलभूत हक्कांत मोडत नाही, हे खरे. पण कसोटी हीच.

१९८६ च्या ग्राहक कायद्यात तक्रार कुठे करायची हे कंपनीचे कार्यालय कुठे आणि तक्रारीचे कारण कुठे घडले, यावर ठरे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ ने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. कंपनी बेंगळुरूची असो, ढोकीकराला धाराशिवचा जिल्हा आयोग पुरे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. त्याआधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे, असा २०२० चा नियम आहे. १९१५ हा हेल्पलाईन क्रमांकही आहेच.

पण दरवाजा असून भागत नाही, आत माणूस लागतो. ग्राहक आयोगांवरच्या रिकाम्या जागांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. मंत्रिपदाची खुर्ची इतके दिवस रिकामी राहिलेली कुणी पाहिली आहे काय?

आपल्याकडे मोबाईल बहुधा शेजारच्या पोराच्या खात्यावरून मागवला जातो आणि बिल त्याच्या नावाने येते. म्हणून गप्प बसू नये. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच. बिल मात्र जपावे. जानेवारी २०२५ पासून तक्रार ई-जागृतीवर ऑनलाईन भरता येते. जयंती मंडळांनी बुद्धविहारात रविवारी दोन तास शिकलेली दोन पोरे त्यासाठी बसवावीत.