डिस्चार्ज मिळाला, पुढे काय?

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा असतात. आजींना अंघोळ कोण घालणार, वॉकर भाड्याने कुठे मिळेल, हे मात्र नसतं. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं, पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. घरच्या शुश्रूषेचा भार कुटुंबावरच; मुलं परगावी असली तर विचारायलाच नको.

म्हणून या अंकात आम्ही सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांपासून ज्येष्ठ नागरिक संघ आणि १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनपर्यंतच्या वाटा दाखवल्या आहेत. ही माहिती पेशंट खाटेवर असतानाच हाती पडावी, असा आमचा आग्रह आहे. तुमच्या गावात कोणती सोय आहे, कोणती हवी, जरूर कळवा.