नवस आणि अर्ज

रोवणीचे दिवस आले की गडचिरोली जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत तापाचे रोगी वाढतात. राज्यातल्या हिवतापात या जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षे मोठा आहे. आरमोरीच्या उपजिल्हा रुग्णालयाचा पावसाळाही याहून वेगळा नसतो. दोन दिवस सलाईन, ताप उतरला की सुट्टी. बांधीत परे खोळंबलेले, मजुरी बुडत चाललेली. जास्त दिवस पडून राहायला सवड कुणाला आहे? एवढ्याशा मुक्कामात माणसाला काय उमगणार, असं वाटतं. पण उमगतं. घरी निघताना तो डॉक्टरांना हात जोडतो, सिस्टरला जोडतो, फरशी पुसणाऱ्या बाईलाही जोडतो आणि येत्या महाशिवरात्रीला वैरागडच्या भंडारेश्वराला नारळ कबूल करतो.

शहाण्यांना यातला नारळ खटकतो. बरं केलं औषधानं आणि श्रेय देवाला! हा आक्षेप घेणारा बहुधा खाटेवर पडलेला नसतो. डॉ. अभय बंग स्वतः डॉक्टर, पुराव्याशिवाय न बोलणारे संशोधक. हृदयविकाराच्या झटक्यानं तेच रोगी झाले, तेव्हा औषध, आहार आणि व्यायाम यांच्या जोडीनं ते ध्यानाकडे आणि अध्यात्माकडेही वळले. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी हे मोकळेपणानं लिहिलं आणि मराठी वाचकांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं. डॉक्टरचं ध्यान आपल्याला भावतं. मग शेतमजुराच्या उशाखालची अंगाऱ्याची पुडी पाहून नाक का मुरडावं? गोळी चुकवली नाही, सुई टाळली नाही, तर त्या पुडीनं कुणाचं काय बिघडतं?

वॉर्डातल्या सिस्टरला हे पुस्तक न वाचताच कळलेलं असतं. चादर बदलताना ती पुडी उचलते, बाजूच्या स्टुलावर ठेवते, चादर ताणून घेते आणि पुडी होती तिथं परत सारते. “जेवले का जी, बाबाजी?” म्हणून विचारते, सलाईनचा थेंब पाहते आणि पुढच्या खाटेकडे वळते. सगळं मिळून मिनिटभराचं काम. पण दवाखान्याच्या नावानं दचकणारा म्हातारा त्या मिनिटात निर्धास्त होतो. पुढच्या वेळी ताप आला तर तो घरी अंगावर काढणार नाही, नातवालाही वेळेत घेऊन येईल. दवाखान्यावरची श्रद्धा अशी बसते. ती रोग्यानं घरून गाठोड्यात बांधून आणायची नसते, दवाखान्यानं कमवायची असते.

ती कशी कमवायची, याचा धडा याच जिल्ह्यात गिरवला गेला आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत कामाला आले. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आदिवासींनाच विचारलं की तुम्हाला दवाखान्याची भीती का वाटते? उत्तरं मिळाली ती कुठल्याही सरकारी पाहणीत न सापडणारी. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. तिथले लोक पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढरं मेलेल्या माणसावर घालतो. रोग्याजवळ नातेवाइकांना थांबू देत नाहीत. मग धानोरा तालुक्यात चातगावजवळ शोधग्राम उभं राहिलं, तेव्हा दवाखाना गावासारखा झाला. नातेवाइकांनी सोबत राहावं म्हणून झोपड्या बांधल्या, नाव पडलं माँ दंतेश्वरी दवाखाना आणि आवारात देवीलाही जागा मिळाली. उपचार मात्र पक्के आधुनिक. देवीच्या पायरीवरून लोक दवाखान्यात शिरले.

जिथं ही पायरी बांधली जात नाही, तिथं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात तापानं दगावलेल्या दोन लहान भावांचे मृतदेह खांद्यावर घेऊन आईबाप चिखलवाटेनं पायी गावाकडे निघाले. मुलांना आधी पुजाऱ्याकडे नेलं होतं, हे कळताच अंधश्रद्धेच्या नावानं बोटं मोडून झाली. पण पुजारी हाकेच्या अंतरावर असतो, रात्रीबेरात्री दार उघडतो आणि बोलणं ऐकून घेतो. दवाखान्याला यातलं काय जमतं, हे कोण विचारणार?

विचारायला हवं ते हात जोडून घरी जाणाऱ्यानं. आपल्याकडच्या गरिबाची कृतज्ञता फार उदार असते आणि तीच नडते. सरकारी दवाखान्यात गोळी मिळाली, खाट मिळाली, कुणी गोड बोललं, तर त्याला तो उपकार वाटतो. उपकार करणाऱ्याला जाब कसा विचारायचा? त्यामुळे रिक्त पदं रिक्तच राहतात. जरा गुंतागुंत झाली की रोगी ‘रेफर’ होतो: गडचिरोलीला, तिथून नागपूरला. ज्याला जमतं तो वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीत खासगी डॉक्टरांचं दार गाठतो आणि तिथलं बिल धान विकून भागवतो. इकडे भरलेला वॉर्ड रात्रभर एकट्या सिस्टरनं सांभाळायचा. अंगाऱ्याची पुडी जपून ठेवायला तिला आणखी किती दिवस सवड मिळेल?

ज्यांचे आभार मानायचे त्यांच्या कामाचा भार हलका व्हावा, ही मागणीही कृतज्ञताच आहे. सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते. ती कागदावर राहते, कारण बरा झालेला माणूस तिच्याकडे फिरकत नाही. तेव्हा भंडारेश्वराचा नारळ अवश्य फोडा, कबूल केलेलं फेडलंच पाहिजे. पण त्याच आठवड्यात एक साधा अर्ज लिहा: आमच्या वॉर्डात रात्रपाळीला दुसरी सिस्टर द्या. एक प्रत समितीला, एक आमदारांना, आणि ग्रामसभेत त्याचा ठराव. देवाला अर्जाची गरज नाही. सरकारला आहे, आणि तोही पोच घेऊन द्यावा लागतो.