शेवटचं वळण

भगिनींनो, सिलिंडर हलवून ‘अजून चार दिवस जाईल’ असा अंदाज आपण बांधतो ना? अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतीतही अगदी तसंच, बरं का! त्या गाड्यांना पेट्रोलचा काटा नसे; किती उरलं याचा हिशेब बाहेर बसलेल्या माणसांनी करायचा.

माझा भाचा तिकडे शार्लटला असतो. तो आला की २९ मे २०११ च्या सहाशे मैलांच्या शर्यतीचं पुराण हटकून निघतं. डेल अर्नहार्ट ज्युनिअर तीनेक वर्षं जिंकला नव्हता आणि त्या रात्री सगळ्यांच्या पुढे होता. पण ऐन शेवटी कुणाचं तरी इंजिन निकामी झालं, शर्यत दोन फेऱ्यांनी वाढली, आणि अगदी शेवटच्या वळणावर याचं पेट्रोल संपलं! केविन हार्विक पुढे निघून गेला नि जिंकला. हा बिचारा सातवा. चाहते अजून हळहळतात.

भाचा म्हणतो, “थांबून थोडं भरून घ्यायला हवं होतं, मावशी.” मला नाही पटत. थांबला असता तर पुढे तरी राहिला असता का? आणि आधीचा विजय, २००८ चा मिशिगनचा, त्याने असंच पेट्रोल पुरवून मिळवला होता. तेव्हा टाळ्या वाजवणारे हेच!