किडनीचा कॅन्सर रक्त तपासून कळतो का? 'किम-१'ची चर्चा कशामुळे?

नंदाखालहून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायचं म्हणजे आधी विरार स्टेशन गाठायचं, मग लोकल. रक्ताचा नमुना न्यायला मात्र लॅबचा माणूस हल्ली घरी येतो. मग किडनीचा कॅन्सरही घरबसल्या रक्तातून कळेल का?

सध्या तरी नाही. प्रोस्टेटसाठी पीएसए चाचणी आहे, तशी रक्तचाचणी किडनीच्या कॅन्सरसाठी अजून रूढ झालेली नाही. 'फुल बॉडी' पॅकेजमधलं क्रिएटिनिन किडनी रक्त किती गाळते एवढंच सांगतं. एका किडनीत गाठ असली तरी दुसरी काम निभावून नेते आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

संशोधकांचं लक्ष आहे ते 'किम-१' म्हणजे 'किडनी इन्ज्युरी मॉलिक्यूल-१' या प्रथिनावर. निरोगी किडनीत ते जवळपास नसतं, किडनीतल्या सूक्ष्म नलिकांना इजा झाली की वाढतं. किडनीचा सर्वाधिक आढळणारा कॅन्सर याच नलिकांच्या पेशींतून सुरू होतो. युरोपातल्या 'एपिक' प्रकल्पात साठवलेलं रक्त तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे कॅन्सर झालेल्या १९० जणांच्या, निदानाआधी पाच वर्षांपर्यंत घेतलेल्या नमुन्यांत किम-१ इतरांपेक्षा जास्त होतं.

पण मधुमेहाने किडनी बिघडली तरी ते वाढतं. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. भारतात हा कॅन्सर वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. चाचणी फक्त पाच टक्के वेळा चुकते असं धरून सगळ्यांची तपासणी केली, तर १२-२४ खऱ्या रुग्णांसाठी ६० हजार निरोगी माणसं स्कॅनच्या रांगेत उभी राहतील. खर्च आणि धास्ती वेगळीच.

खरी आशा आहे ती शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीत. गाठ काढूनही किम-१ जास्त राहिलं, तर कॅन्सर परतण्याचा धोका जास्त दिसतो. ॲटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा शस्त्रक्रियेनंतर सरसकट फायदा दिसला नव्हता. किम-१ जास्त असलेल्यांत मात्र फायद्याचे संकेत मिळाले. त्यावरून औषध ठरवण्याआधी आणखी चाचण्या लागतील.

तोवर लघवीतून एकदाच, न दुखता रक्त गेलं तरी डॉक्टरांना दाखवायला हवं. ते आपोआप थांबतं म्हणून अनेक जण अंगावर काढतात. किडनीच्या बऱ्याच गाठी तर भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात, आणि सोनोग्राफी विरारमध्येच होते.