रोगनाम, संप्राप्ती आणि संगणक

सुमारे सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या चिकित्सालयात दीर्घकाळ येणाऱ्या एका वृद्ध रुग्णेस अम्लपित्तासाठी मी यष्टिमधु चूर्ण दिले. उत्तम उपशय मिळाला, म्हणून ते पुढे चालू राहिले. दोन महिन्यांनी त्या आल्या, त्या अंगातील बळ गेल्याची आणि पायांत पेटके येत असल्याची तक्रार घेऊन. नाडीची गती विषम लागली. रक्ततपासणीत पोटॅशियम कमी आढळले. जुने केसपेपर काढून पाहिले, तेव्हा तीन वर्षांपूर्वीच्या पानावर माझ्याच हस्ताक्षरातील नोंद सापडली : ‘डिजॉक्सिन व मूत्रल गोळी चालू.’

यष्टिमधूच्या दीर्घ सेवनाने पोटॅशियम घटू शकते, मूत्रल औषधाने ते आणखी घटते आणि अशा स्थितीत डिजॉक्सिनची विषाक्तता वाढते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. सुदैवाने हृदयरोगतज्ज्ञांच्या उपचारांनी त्या बऱ्या झाल्या. परंतु त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून गेलेली नाही. माहिती कपाटात होती, ज्ञान डोक्यात होते; निर्णयाच्या क्षणी ती दोन्ही एकत्र आली नाहीत. माझ्या दृष्टीने चिकित्सेतील संगणकाचे खरे काम हेच आहे. वैद्याच्या जागी बसून निदान करणे हे त्याचे काम नव्हे. वैद्यास जे ठाऊक आहे, ते योग्य वेळी त्याच्यासमोर ठेवणे हे त्याचे काम आहे.

वैद्यवर्गाला हे क्षेत्र नवीन नाही. पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेली ‘आयुसॉफ्ट’ ही प्रणाली प्रकृतिपरीक्षणासाठी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. 2017 मध्ये ‘नमस्ते’ पोर्टल सुरू झाले आणि आयुर्वेदीय व्याधींच्या संज्ञांना प्रमाणित संकेतांक मिळाले. आयुष रुग्णालयांसाठी संगणकीय नोंदींची स्वतंत्र प्रणाली आली. सप्टेंबर 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले. 10 जानेवारी 2024 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या व्याधिवर्गीकरणातील पारंपरिक वैद्यकाच्या दुसऱ्या विभागाचे नवी दिल्लीत उद्घाटन झाले. त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी या पद्धतींमधील व्याधी समाविष्ट आहेत. आपला ‘आमवात’ जगाच्या नोंदवहीत लिहिला जाऊ शकतो, ही समाधानाची बाब आहे.

तथापि येथेच एक मूलभूत अडचण उभी राहते. संगणक प्रथम रोगाचे नाव मागतो. याउलट चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट केले आहे की, एखाद्या विकारास नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये. कारण सर्वच विकारांना निश्चित नाव नसते. एकच प्रकुपित दोष हेतुभेदाने व स्थानभेदाने अनेक विकार उत्पन्न करतो. म्हणून विकाराची प्रकृती, अधिष्ठान आणि हेतुविशेष जाणून चिकित्सा करावी, असा त्यांचा उपदेश आहे. आपण केवळ संकेतांक भरून थांबलो, तर दहा वर्षांनी ‘आमवाताचे इतके रुग्ण’ एवढेच हाती राहील. त्यांपैकी कोणात अग्निमांद्य प्रधान होते, कोणाचा आम पचल्यावर स्नेहन केले, कोणाला बस्तीने अनुपशय झाला, हे कायमचे हरवेल. मग त्या माहितीतून ‘या रोगास हे औषध’ असा निष्कर्ष निघेल आणि तोच निर्णयसाहाय्य म्हणून आपल्याकडे परत येईल. ही हानी मला यंत्राच्या चुकीपेक्षा मोठी वाटते.

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात की, दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांच्या मध्ये पडदा नको. त्यांचा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. रुग्णाच्या मुखाकडे न पाहता कळफलकाकडे पाहणारा वैद्य मलाही नको. परंतु नोंद रुग्ण गेल्यावर पाच मिनिटांत करता येते. आणि आज आपल्याकडे येणाऱ्या मध्यमवयीन रुग्णांपैकी कितीतरी जण मधुमेह, रक्तदाब वा हृदयरोगाच्या गोळ्या घेत असतात. शंखपुष्पीयुक्त कल्प घेताना अपस्माराच्या रुग्णांत फेनिटॉइनचा प्रभाव घटल्याची नोंद 1992 मध्येच प्रसिद्ध झाली होती. अशा शेकडो संयोगांची स्मृती कोणाही वैद्याने मनात बाळगावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. तेथे यंत्राची स्मृती वापरण्यात कमीपणा कसला?

म्हणून आपल्या संघटनेपुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, प्रत्येक भेटीत रुग्णाच्या चालू आधुनिक औषधांची नोंद अनिवार्य असावी आणि ती पडद्यावर सर्वांत वर दिसावी. दुसरी, ‘नमस्ते’ संकेतांकासोबत हेतू, दोष-दूष्य, अग्नी व अवस्था यांचे छोटे रकाने असावेत. नाव निश्चित नसेल तर नावाचा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा असावी. तिसरी, उपशय-अनुपशय दोन्ही लिहावेत आणि औषधाचा दुष्परिणाम संशयित असल्यास तो आयुष औषधांच्या औषधदक्षता केंद्रास कळवावा. यात नामुष्की मानू नये. चौथी, रुग्णाची माहिती ही त्याची ठेव आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला. पण वैद्याचे मौन हा त्याहून फार जुना धर्म आहे. केसपेपरचे छायाचित्र मोबाइलवरील गटात टाकण्याची सवय आपण आजच सोडावी.

अलीकडे प्रश्न विचारताच संहितेतील संदर्भासह उत्तर देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीही आल्या आहेत. त्यांचे उत्तर ओघवते असते, परंतु सांगितलेला श्लोक संहितेत असेलच असे नाही. मूळ ग्रंथ उघडून पाहिल्याविना असे उत्तर आप्तोपदेश मानू नये.

त्या रुग्णा आजही माझ्याकडे येतात. आता त्यांचे नाव उघडताच तांबड्या अक्षरांत ‘डिजॉक्सिन’ हा शब्द दिसतो. एका होतकरू विद्यार्थ्याने करून दिलेली ती अगदी साधी सोय आहे. ती सहा वर्षांपूर्वी असती, तर या लेखाचा आरंभ वेगळा झाला असता.